सातव्या मजल्यावरची पश्चिमेची खोली

अक्का, शेठ, धुळ्याहून आलेली देवपूरची मंडळी, या बिल्डिंगमधली सगळी बिऱ्हाडं, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली माझी सेंट्रिंगवाली, गवंडीकामाची माणसं. तुम्ही सगळे आलात. खुर्च्या कमी पडल्या, पार्किंगमधल्या स्कूटर बाहेर काढाव्या लागल्या, तरी माणसं येतच आहेत. नानांना हे बघून आवडलं असतं. लगेच म्हणाले असते, एवढी माणसं एका जागी आली की किती उकडतं त्याचा हिशेब कोणी केलाय का?

मला बोलता येत नाही. फळ्या ठोकायला सांगा, परांचीवर चढायला सांगा, चढतो. पण माईकसमोर उभं राहिलो की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहून आणलंय. आखातातून मुंबई आणि मुंबईहून जळगाव, एवढ्या वाटेत चार कागद भरले. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तेही पाचवीत दोनदा बसून. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, पण मी वाचून दाखवणार आणि तुम्ही ऐकणार, म्हणजे ते तुम्हाला कळणार नाही. तेवढा एक फायदा आहे.

माझ्याआधी चार जण बोलले. चौघेही रडले. मीही रडेन कदाचित. पण खरं सांगू? नानांची आठवण काढली की मला आधी हसू येतं. त्याला मी काय करू? सकाळी अक्कांना विचारलं, त्यांच्याच बोलीत विचारलं, "अक्का, हसू उनं तर चाली का?" अक्का म्हणाल्या, "त्यास्नी माले जनमभर हसाडं. आते रडीसनी काय करू?"

परवानगी मिळाली आहे. तेव्हा मंडळी, हसलात तरी चालेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाना म्हणजे आपल्या अक्कांचे यजमान, धुळ्याचे. ओव्हरसियर. उभी नोकरी सरकारी बांधकामात गेली. शाळा, दवाखाने, क्वार्टर्स, सगळं एकमजली, फार तर दुमजली. निवृत्त झाले आणि देवपूरला घराच्या ओट्यावर बसून कागदावर उंच उंच इमारती काढायला लागले. जन्मभर बसकी घरं बांधलेला माणूस निवृत्त झाल्यावर उंच चढायला निघाला. लोक म्हातारपणी खाली बसतात. आमचे नाना वर निघाले.

त्याच सुमाराला आपल्या शेठनी इथे जळगावात सात मजले चढवायचं मनात घेतलं. शेठ समोरच बसलेत. शेठ, तुमच्याबद्दल दोन-चार शब्द वाकडे येतील, राग मानू नका. शेठ पिढीजात केळीवाले. कापलेला घड लांबून बघून तो कोणत्या गावच्या मळ्यातला हे सांगणारे. पण मुंबईला जाऊन आले आणि काच बघून आले. आमच्या बिल्डिंगला पश्चिमेकडून, रस्त्याच्या बाजूने, वरपासून खालपर्यंत काच पाहिजे म्हणाले. चकचकीत दिसली पाहिजे.

नाना म्हणाले, "शेठ, पश्चिमेला काच लावली तर उन्हाळ्यात आत माणूस राहणार नाही."

शेठ म्हणाले, "माणूस राहणार नाही तर काय, एसी राहील."

"आणि लाईट गेली की?"

मंडळी, जळगावात हा प्रश्न कोणी विचारावा लागतो का? शेठनी विषय बदलला. पण काच त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

मी तेव्हा या साईटवर सेंट्रिंगला होतो. वय बावीस. बावीस वर्षांत सात कामं सोडलेली. रावेरकडे आमच्या केळीच्या मळ्यात टिकलो नाही, वरणगावला हॉटेलात टिकलो नाही, भुसावळला मालधक्क्यावर टिकलो नाही. माझा पाय एका जागी राहतच नाही. नानांनी पहिल्याच दिवशी मला ओळखलं. म्हणाले, "काय रे भाऊ, तुन्हा पायले चाकं शेत का?" मी म्हणालो, "नाना, चाकं आहेत म्हणून तर तुमच्याकडे आलो." तेव्हापासून दर शनिवारी मला विचारायचे, "सोमवारले येशी ना?"

आणि मी यायचो. नाना मला शिकवायचे म्हणून यायचो. शाळेत मला कोणी काही विचारलं नव्हतं, फक्त मारलं होतं. नाना विचारायचे. ऊन कुठून येतं? सकाळी कुठून, दुपारी कुठून? उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो की समोर? मी म्हणायचो, नाना, मी केळीवाला आहे, सूर्याशी माझं जुनं भांडण आहे. मग ते हसायचे आणि नकाशा उलगडायचे.

या बिल्डिंगच्या मधोमध जो चौक आहे, तळापासून आभाळापर्यंत उघडा, तो तुम्ही रोज बघता. कपडे वाळत घालता. तो नानांचा. शेठना वाटायचं, एवढी जागा फुकट गेली. एके दिवशी नाना उदबत्तीचा पुडा घेऊन आले. तळाला चौकात चार उदबत्त्या लावल्या आणि सगळ्यांना वर पाठवलं. थोड्या वेळाने सातव्या मजल्यावर आम्हाला वास आला. नाना खालून ओरडले, "उना का?" आम्ही वरून ओरडलो, "उनाऽऽ!" मग जिना चढून धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "देखा. घर उंच शे म्हणून हाई व्हस. बसका घरमा हाई नही व्हत. उंची म्हणजे दुश्मन नही, उंची म्हणजे चिमणी शे." गरम हवा वर जाते आणि जाताना खालची गार हवा आत ओढून घेते. इमारत जितकी उंच तितकी ओढ जास्त. पंखा नाही, बटण नाही, मोटार नाही. मी बावीस वर्षं चुलीपुढे बसून धूर वर जाताना बघितला होता. पण त्याच्यावर घर गार करता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

जिना, लिफ्ट, मोऱ्या त्यांनी पश्चिमेकडे ढकलल्या. म्हणाले, ऊन मारायचं तर मोरीला मारू द्या, झोपलेल्या माणसाला कशाला? बाकीच्या पश्चिमेच्या भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. वर दोन हात बाहेर आलेला छज्जा. शेठ तो नकाशा बघून म्हणाले, "नाना, हे तर जेल दिसतं."

आणि मग ती पैज लागली.

शेठ म्हणाले, "तुम्ही म्हणता गार राहील. थर्मामीटर लावून दाखवतो म्हणता, पण त्यावर माझा विश्वास नाही. ते तुमचं यंत्र, तुमच्याच बाजूने बोलणार." मी मध्ये तोंड घातलं. खरं तर मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "शेठ, केळीवर तर विश्वास आहे ना?"

धुळ्याच्या मंडळींना हे सांगावं लागेल. आमच्याकडे पोरासोरालाही माहीत असतं. केळी उन्हाने पिकत नाही. उन्हाने ती उकडते. फार गरम खोलीत कच्चा घड टांगला तर साल हिरवीच राहते आणि आतला गर मऊ पडतो, लापशीसारखा. विकायच्या कामाचा नाही, खायच्या कामाचा नाही. पण जिथे माणसाला बरं वाटतं तिथे केळीलाही बरं वाटतं. तिथे ती रीतसर पिवळी होते. शिवाय थर्मामीटर एका वेळेचं सांगतो. घड आठ दिवस, आठ रात्री त्या खोलीत राहतो. भाडेकरूच म्हणा ना.

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जसा मीच ओव्हरसियर. "पोऱ्या," म्हणाले, "हाई तू इतला दिन पोटमा ठेयेल व्हतं का?"

ठरलं. सातव्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली, पश्चिमेच्या दोन खोल्या शेजारी-शेजारी आधी पुऱ्या करायच्या. एकीला शेठची काच, एकीला नानांची भिंत. दोन्हीकडे एकाच मळ्यातले घड टांगायचे. महिना एप्रिलचा. आठ दिवसांनी बघायचं. नानांचा घड उकडला तर सगळ्या बिल्डिंगला काच. नानांचा पिकला तर एकही काच नाही. वर शेठ म्हणाले, "आणि जळगावात सातव्या मजल्याची पश्चिमेची खोली कोणी घेणार नाही. घड पिकला तर तिथे तुम्ही राहायचं. बोला."

नाना म्हणाले, "राहीन."

अक्कांना न विचारता म्हणाले! अक्का देवपूरला, अंगणात लिंबाचं झाड, दारात नळ, शेजारी चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी. त्यांना पत्ताच नाही की आपलं घर एका केळीच्या घडाला टांगलंय.

आता माझा गुन्हा सांगतो. हे मी सगळ्यांसमोर कधीच सांगितलं नाही. शेठना आणि तेव्हा साईटवर असलेल्यांना माहीत आहे, नानांना माहीत होतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी गुपचूप नानांच्या खोलीत गेलो. घडाला बोट लावलं. हिरवा, आणि बोट आत गेलं. काचेच्या खोलीत जाऊन बघितलं, तिथला तर पार गेलेला. नानांचा थोडा बरा, पण उकडलेलाच. म्हणजे नाना हरले. म्हणजे काच लागणार. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मला आजवर एकानेच काही विचारलं, आणि तोच माणूस आता सगळ्यांपुढे खाली मान घालणार.

मी उकडलेला घड काढून सिमेंटच्या गोण्यांमागे लपवला. बाजारात गेलो, एका वखारीतून छान पिवळा घड आणला, खांद्यावर टाकून सात मजले चढवला आणि टांगला. लांबून बघितलं. काय सुंदर दिसत होता!

आठव्या दिवशी शेठ आले, नाना आले, गवंडी, बिगारी, सगळे आले. काचेच्या खोलीतला घड बघून शेठनी नाक मुरडलं. मग नानांच्या खोलीत. पिवळाधमक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांचा चेहरा असा फुलला होता. शेठ पुढे गेले. घडाला नाक लावलं. एकदा हुंगलं. दुसऱ्यांदा हुंगलं. म्हणाले, "याला धूर लागलाय."

कोणाला काही कळेना. मला कळलं. वखारीत केळी धूर देऊन पिकवतात.

मग शेठनी घड फिरवला, दांड्यावर बोट ठेवलं आणि एवढं हसले, एवढं हसले की त्यांना खाली बसावं लागलं. दांड्यावर निळी खूण. "अरे," म्हणाले, "ही तर माझ्याच वखारीची खूण!"

मंडळी, सगळ्या जळगावात केळीच्या इतक्या वखारी. मी शेठला फसवायला घड आणला तो शेठच्याच वखारीतून. एवढा हुशार मी!

सगळे हसत होते. नाना हसत नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग शेठपुढे हात जोडले. "शेठ, पोऱ्या मन्हा शे. चूक मन्ही शे." माझ्यावर बोट ठेवलं नाही. मला वाटलं, त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेठ गेले. जाताना म्हणाले, "नाना, काचेची ऑर्डर देतो." माणसं पांगली. नाना म्हणाले, "खरा घड कथा शे?" मी गोण्यांमागून काढून दिला. नाना जमिनीवर मांडी घालून बसले, एक केळं सोललं, ती लापशी बोटाने बघितली.

"हाई खरं सांगी राहिनं. याले तू दपाडी ठेवं कसाले?"

"तुम्ही हरू नये म्हणून, नाना."

"आणि मी खोटा जिंकता, तर आठे कोन ऱ्हाता? तुन्ही अक्का ऱ्हाती. तिले उकाडामा टांगता व्हता का तू?"

मी नानांना वाचवायला निघालो होतो. त्या खोलीत कोणीतरी माणूस राहणार आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मंडळी, घर म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी फक्त फळ्या ठोकत होतो.

मी म्हणालो, "नाना, मी जातो. उद्यापासून येत नाही."

नाना म्हणाले, "चाकं नंतर लाव. आधी तो ड्रम आन."

ड्रम आणला. नाना वय विसरून त्याच्यावर चढले. आधी भिंतीला तळहात लावला. गार. पश्चिमेची भिंत, दुपारची वेळ, आणि गार. मग हात वर करून छताला लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ड्रमवर उभे राहून हसायला लागले. "अरे भाऊ," म्हणाले, "मी पश्चिमना सूर्यसंगे भांडी राहिंतू, आणि दुश्मन डोकावर बठेल शे!"

स्लॅब. वरची उघडी स्लॅब. दिवसभर तापायची आणि रात्रभर खोलीत ओतायची. बाकी सहा मजल्यांना वरच्या घराची सावली होती. सातव्याला कोणाचीच नव्हती.

मी म्हणालो, "आमच्याकडे धाब्याच्या घरावर हातभर माती असते, दुपारी आत गार असतं." नाना म्हणाले, सातव्या मजल्यावर हातभर माती म्हणजे वजन किती, आणि पाणी मुरलं तर? मग म्हणाले, माती नको. मातीच्या पोटातली हवा पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन कुंभारवाड्यात गेले आणि सांगितलं, जेवढी लहान मडकी असतील तेवढी सगळी द्या, अजून करा. कुंभारदादा घाबरलाच. हळूच म्हणाला, "नाना, गावमा काही साथ-बिथ उनी का? इतला मडकास्ले मानसं कथाईन आननार?"

नाना रस्त्यात उभे राहून पोट धरून हसले. आज या सभेत ते आठवतंय, आणि मला वाटतं, त्यांच्या स्वतःच्या वेळेलाही ते या गोष्टीवर असेच हसले असते.

शेठकडून आठ दिवस मागून घेतले. कसे मागितले ते शेठच जाणोत. शेठ म्हणाले, काच यायला तसेही पंधरा दिवस आहेत. नानांच्या खोलीवर, स्लॅबवर, सगळी मडकी पालथी घातली, एकाला एक चिकटवून. मधल्या जागेत चुना आणि विटांचे तुकडे भरले. वरून पांढऱ्या फुटक्या कपबशांचे, चिनी मातीचे तुकडे बसवले, ऊन परत पाठवायला. मडकी वर चढवताना बाया गाणी म्हणत होत्या. वाटेत काही फुटली, त्यांचेही तुकडे भरले. या बिल्डिंगच्या डोक्यावर तुमच्या-आमच्या आयांनी फोडलेल्या कितीतरी बश्या आहेत.

मग दुसरी परीक्षा. या वेळी घड शेठनी स्वतः आणला, स्वतः टांगला, दोन्ही खोल्यांना स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू त्या बाजूला फिरकलास तर तुलाच टांगीन." आणि नाना? नाना साईटवर आलेच नाहीत. म्हणाले, मी आलो तर कोणीतरी म्हणेल, म्हाताऱ्याने फुंकर घातली. आठ दिवस देवपूरला ओट्यावर बसून राहिले.

आठव्या दिवशी शेठनी कुलूप काढलं. काचेच्या खोलीत घड हिरवा, मऊ, गेलेला. मग दुसरं दार. मी डोळे मिटून घेतले होते. डोळे उघडले तर शेठ घडासमोर उभे. त्यांनी हुंगला. दांडा बघितला. एक केळं तोडलं, सोललं, खाल्लं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघताहेत. शेठनी साल खिशात घातली, दुसरं तोडलं, तेही खाल्लं. मग एकच वाक्य बोलले. "काच नको म्हणून तार करा."

मी दोन केळी सदऱ्यात घातली आणि धुळ्याची एसटी पकडली. देवपूरला पोचलो तर नाना ओट्यावर, अक्का दारात. मी केळी पुढे केली. पिवळी. नानांनी हातात घेतली, फिरवून बघितली, कानापाशी नेऊन हलवली. कशाला हलवली मला माहीत नाही! अक्कांनी मला विचारलं, "पास व्हयना का तुन्हा नाना?" मी म्हणालो, "पहिल्या नंबराने." तेव्हा नानांनी अक्कांना पैजेचा राहिलेला भाग सांगितला.

अक्का, तुम्ही काय म्हणालात ते सांगू का? सांगतो. "म्हणजे आते माले सातमजला वर ऱ्हानं पडी? एक केळानी पायी?"

आणि राहिल्या, मंडळी. लिंबाचं झाड सोडून राहिल्या. पहिल्याच आठवड्यात नानांना म्हणाल्या, तुमच्या वाऱ्याने माझा स्टोव्ह विझतो. नाना साईटभर सांगत फिरले, "अक्कानी तक्रार शे, वारा जास्ती शे!" तक्रारीचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

त्यानंतर माझी चाकं फिरली. सुरत, मुंबई आणि मग आखात. तिथे मी काय काम करतो? काच बसवतो. हसा. चाळीस मजले, वरपासून खालपर्यंत काच. नानांना लिहिलं, तुम्ही जळगावातून परत पाठवलेली काच बहुतेक सगळी इथे आली. नानांचं उत्तर आलं, "वर्ष झाले, अजून तिथेच आहेस? तब्येत बरी आहे ना?" आणि खाली प्रश्न. खिडकी उघडते का? मी कळवलं, नाही, एकही उघडत नाही. मशीन दिवसरात्र चालतं. पुढच्या पत्रात लिहिलं, "म्हणजे चाळीस मजल्यांची माणसे एका वायरला टांगलेली आहेत."

आणि मग पत्रामागून पत्र, प्रत्येक पत्रात चित्र. चाळीस मजल्यांची इमारत, दर चार मजल्यांनी एक मोठा ओटा, आरपार उघडा, तिथे झाडं, तिथे पोरं खेळताहेत, म्हातारे बसलेत. वर वारा फुकट आहे, तो आत का घेत नाहीत, असं लिहायचे. एकदा लिहिलं, "उंच इमारतीने आपली सावली आपल्याच अंगावर घ्यावी. शेजाऱ्याच्या अंगावर टाकून उपयोग काय?" ते चित्र मी आमच्या तिथल्या साहेबाला दाखवलं. त्याने बघितलं आणि विचारलं, हा माणूस कुठे शिकला? मी म्हणालो, धुळ्याला. त्याने नकाशात शोधलं, त्याला सापडलं नाही. मी म्हणालो, नसू दे, आहे ते.

मी आलो तेव्हा नाना गेलेले होते. मला उशीर झाला. आयुष्यात सगळी कामं वेळेआधी सोडली, आणि इथेच वेळेवर पोचलो नाही. पण अक्कांनी सकाळी मला त्या दुपारची गोष्ट सांगितली. ती सांगतो आणि बसतो.

वैशाखातली दुपार. जळगाव कसं तापतं तुम्हाला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. लाईट सकाळपासून गेलेली. नाना जेवून सातव्या मजल्यावरच्या त्या पश्चिमेच्या खोलीत खाटेवर आडवे झाले. थोड्या वेळाने त्यांनी अक्कांना हाक मारली. "व, काही पांघराले दे. पायले वारा लागी राहिना."

अक्कांनी चादर काढून अंगावर टाकली. नानांनी ती छातीपर्यंत ओढून घेतली आणि कुशीवर वळले. चहाला उठवायला गेल्या तेव्हा नाना उठले नाहीत. चेहऱ्यावर घामाचा एक थेंब नव्हता, असं अक्का सांगतात.

मंडळी, वैशाखात, जळगावात, लाईट नसताना, सातव्या मजल्यावर एका माणसाने पांघरूण मागितलं. याच्यापुढे मी काय भाषण करू?

आता सगळ्यांनी उभं राहा. म्हाताऱ्यांनी बसून राहिलं तरी चालेल. एक मिनिट कोणी काही बोलायचं नाही.

नाना, राम राम घ्या.